आधी श्वास सोडा

बारीतून कळसूबाई चढायला लागलं की गप्पा फार वेळ टिकत नाहीत. पहिली लोखंडी शिडी यायच्या आतच धाप लागते, घशाला कोरड पडते आणि शहरातून आलेला माणूस तोंड उघडून हवा ओढू लागतो. शेजारून डोक्यावर ओझं घेतलेली गावातली बाई पुढे निघून जाते. तिचं पाऊल आणि तिचा श्वास एका लयीत असतात. वाटेत बसलेल्याला ती जाताजाता सांगते, “दमानं घ्या, वर जायला येळ हाय.” १६४६ मीटर उंचीच्या त्या शिखराची वाट जन्मभर चाललेल्या माणसांना धापेची भीती वाटत नाही.

या अकोले तालुक्यातल्या माणसाला दम लागतो तो मात्र केवळ डोंगरामुळे नव्हे. भाताच्या रोपाला पाऊस येत नाही, टोमॅटो बाजारात नेला की भाव कोसळतो, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेलेलं पोर फोनवर नीट बोलत नाही. अशा रात्री अंथरुणात पडल्या पडल्याही छाती भरून येते. काळजीत श्वास उथळ होतो, वरच्या वर घाईने चालतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यामुळे कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. हवा कमी पडतेय असं वाटून माणूस आणखी ओढतो आणि आणखी घाबरतो.

म्हणून घाबरलेल्याला नुसतं “खोल श्वास घे” म्हणणं अपुरं आहे. आधी सोड, असं सांगायला हवं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूच्या बुंध्यापासून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू ठोक्यांना आवर घालतो, आणि उच्छ्वासात त्याचा अंमल वाढतो. सावकाश सोडलेला श्वास शरीराला सांगत असतो की आता पळायचं नाही, लढायचंही नाही.

हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्त प्रसन्न राहण्याचे उपाय सांगताना श्वास बाहेर सोडण्याचा उल्लेख केला आहे. आपलं खोरं तर या साधनेच्या वाटेवरच वसलेलं. रतनगडाच्या डोंगरात उगम पावलेली प्रवरा अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते. त्याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तिच्या सहाव्या अध्यायात प्राणाच्या साधनेचं वर्णन मराठीत उतरलं. हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी तप केलं, ‘तत्त्वसार’ लिहिला. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात कमरेएवढं उभं राहिलं की श्वास आपसूक अडतो, आणि तो पुन्हा सावकाश सोडायला शिकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते कळतं.

ही साधना प्रयोगशाळेत नेली तीही मराठी माणसाने. अमळनेरला अध्यापन केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजायला घेतले. पुढे २००१ साली इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की लॅटिन जपमाळ म्हणताना किंवा योगातला मंत्र जपताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो.

हे वाचताना मला जात्यावरच्या बाया आठवल्या. ओवी म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच. गाताना श्वास झटकन घ्यायचा आणि सगळी ओळ सोडण्यावर पेलायची. हरिपाठ म्हणतानाही तेच घडतं. पहाटेच्या दळणात सासुरवास, माहेर, मेलेलं लेकरू असं सगळं ओवीत यायचं, आणि दळण संपेपर्यंत मन थोडं हलकं व्हायचं. ती बाई प्राणायाम करते आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. जातं गेलं, पीठ गिरणीतून आलं, आणि त्या हाडमोड्या कष्टातून सुटका झाली हे चांगलंच झालं. पण रोजचं ते लांब सोडणंही त्यासोबत गेलं. ते आता ठरवून परत आणावं लागेल.

त्याला आसन लागत नाही की पैसा लागत नाही. ओट्यावर, बांधावर, एसटीच्या बाकावर ताठ बसा. पोटावर हात ठेवा. नाकाने चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं पुरेत. श्वास कोंडायचा हट्ट नको. विशेषतः हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर मुळीच नको. गरगरलं तर थांबा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. श्वासाने भाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही, आणि खोल नैराश्य एकट्या प्राणायामाने बरं होत नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. तिथे विनामूल्य आणि मराठीत बोलता येतं. श्वास सावरला की निदान तो फोन लावण्याइतका धीर येतो. घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर आज त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर सावकाश श्वास सोडा, आणि मग त्याला बोलू द्या.