निगा

गावाबाहेर तारेच्या कुंपणाने वेढलेले एक आवार तुम्ही पाहिले असेल. आत लोखंडी खांब असतात, गिट्टी पसरलेली असते आणि चौथऱ्यावर एक मोठी राखाडी टाकी सतत घुमत असते. कुंपणावर धोक्याची पाटी असते, म्हणून तुम्ही लांबूनच जाता. ते योग्यच आहे. मी मात्र नोकरीची सगळी वर्षे त्या कुंपणाच्या आत काढली. आत काय चालते, ते आज तुम्हांला सांगतो.

या आवाराला उपकेंद्र म्हणतात आणि त्या टाकीला रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आमच्या उपकेंद्रात ३३,००० व्होल्ट दाबाची वीज येत असे. रोहित्र तो दाब ११,०००वर आणी. मग ती वीज गावोगावच्या डीपीकडे जाई. तिथे दाब आणखी कमी होऊन ती घरांत आणि शेतांत पोहोचे.

मी १९९३ साली भंडारा जिल्ह्यातील एका गावी नोकरीला लागलो. गोंदियाही तेव्हा याच जिल्ह्यात होते. १९९९ साली तो वेगळा जिल्हा झाला. आमच्याकडे एक वयस्कर मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा रोहित्राजवळ गेले की आधी उभे राहून त्याचा आवाज ऐकत. मग तेल कुठे पाझरते का, ते पाहत. मे महिन्यात ते अर्थिंगच्या खड्ड्यांत रोज पाणी ओतायला लावत. कारण कोरड्या जमिनीत वीज नीट उतरत नाही.

एकदा मी विचारले, “चाचा, रोहित्र म्हातारे कशाने होते?”

ते म्हणाले, “बेटा, वर्षांनी नाही. उष्णतेने आणि ओलाव्याने.”

रोहित्रात तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. त्यांवर कागद गुंडाळलेला असतो आणि सारे तेलात बुडवलेले असते. तेल वेटोळी थंड ठेवते. तेल आणि कागद मिळून वीज भलतीकडे जाऊ देत नाहीत. भार वाढला की वेटोळी तापतात आणि कागद ठिसूळ होऊ लागतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापमान साधारण सहा अंशांनी वाढले, की कागद दुप्पट वेगाने झिजतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्यात पंपांचा भार. मग रोहित्राचे काय होत असेल, याचा तुम्हीच विचार करा.

ओलाव्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. रोहित्र श्वास घेते! दिवसा तेल तापून फुगते, तेव्हा हवा बाहेर जाते. रात्री तेल आकसते, तेव्हा हवा आत येते. ती कोरडी होऊन यावी म्हणून वाटेत काचेची एक बरणी असते. तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या बरणीत सिलिका जेलचे निळे खडे होते. ओलावा शोषला की ते गुलाबी होत. मग चाचा ते तव्यावर भाजत आणि ते पुन्हा निळे होत. आता पुष्कळ ठिकाणी नारिंगी खडे वापरतात, पण काम तेच.

खडे रोज पाहून रजिस्टरात रंग लिहिणे हे माझे काम होते. त्या वर्षी पावसाळ्यात चाचा महिनाभर रजेवर गेले. पहिले काही दिवस मी खडे पाहिले. नंतर पावसात बाहेर जायचा कंटाळा येऊ लागला. मी खोलीत बसूनच लिहू लागलो : ‘निळा’, ‘निळा’, ‘निळा’.

चाचा परत आले आणि थेट ब्रीदरकडे गेले. काच तडकली होती. सगळे खडे गुलाबी झाले होते. तेलाचा नमुना तपासला. या तपासणीत अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोकांमध्ये तेल भरून दाब वाढवतात. चांगले तेल ३०,००० व्होल्टपेक्षा जास्त दाब सहन करते. आमच्या तेलात त्याच्या पुष्कळ आधीच ठिणगी पडली.

तेल गाळण्यासाठी रोहित्र दोन दिवस बंद ठेवावे लागले. नेमकी तेव्हा पावसाने दडी मारली होती आणि धानाची रोवणी अडली होती. दुसऱ्या रोहित्रावर सगळा भार पेलत नव्हता, म्हणून गावांना आळीपाळीने वीज द्यावी लागली. एक शेतकरी फाटकाशी येऊन म्हणाला, “बाबू, पऱ्हे वाळून राहिले. लाईन कधी येईल?” माझ्याने त्याच्याकडे वर पाहवेना.

चाचांनी रजिस्टर उघडले. ‘निळा’ या शब्दांच्या रांगेवरून बोट फिरवले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बेटा, तेल आपण गाळून घेऊ. पण आतला कागद काही गाळता येत नाही. पाहिले नसेल, तर जागा कोरी सोड. कोरी जागा दिसली, तर दुसरा कोणी जाऊन पाहील. तू खोटे लिहिलेस, म्हणून कोणीच पाहिले नाही.”

मी निवृत्त झालो तेव्हा ते रोहित्र चालूच होते. पण त्या महिन्याने त्याचे किती आयुष्य कमी केले, ते मला कधीच कळले नाही. त्यानंतर न पाहता मी एक अक्षरही लिहिले नाही.

मित्रांनो, मराठीत काळजी घेण्याला आपण ‘निगा राखणे’ म्हणतो. हा शब्द फारसीतून आला आहे. तुमच्या उर्दूतला ‘निगाह’ तो हाच. निगाह म्हणजे नजर. ज्या वस्तूवर आपली नजर असते, तिचीच निगा राखली जाते. घरातली शिलाई मशीन असो, अब्बांची सायकल असो की शाळेचा हातपंप. आज तुम्ही त्याकडे नीट पाहिले का?