मी डॉक्टर नव्हतो

मेहकरला खासगी अँब्युलन्सवर कामाला लागलो तेव्हा माझ्याजवळ बेसिक इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचं प्रमाणपत्र होतं. ही या कामातली खालची पायरी. पेशंटचा श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, ऑक्सिजन लावायचा, अँबू बॅगने श्वास द्यायचा, वाहतं रक्त दाबून धरायचं, मान न हलवता उचलायचं. शीर टोचायची नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. पण पहिल्याच दिवशी पेशंटच्या माणसांनी मला ‘डाक्टर’ म्हटलं आणि मी ऐकून घेतलं. माझ्या दोन मोठ्या चुका त्या ऐकून घेण्यापासून सुरू झाल्या.

लोकांचा समज उगाच झालेला नाही. २०१४ साली राज्यात १०८ सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या, २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिकच्या. दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर डॉक्टर नेमायचं महाराष्ट्राने ठरवलं. इतर बऱ्याच राज्यांत हे काम टेक्निशियन करतात. त्यामुळे आपल्याकडे मागे बसलेला माणूस डॉक्टरच, असं घराघरात धरून चालतात. खासगी गाडीवर तसं असेलच असं नाही.

पहिली चूक डोणगाव रस्त्यावरची. सोयाबीन काढणीचे दिवस, रात्रीचे साडेनऊ. मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळली होती. पोरगा विशीतला, बेशुद्ध, आणि श्वासाबरोबर घशातून घरघर येत होती. तोंडात रक्त आणि उलटी साचली की असा आवाज येतो. प्रशिक्षणात हेच सगळ्यात आधी शिकवलं होतं. मान सांभाळून कुशीवर वळवा, सक्शन लावा, तोंड साफ करा. सक्शनचं यंत्र माझ्या उजव्या गुडघ्याजवळ होतं.

मी सलाईन काढलं. भोवती पंधरावीस माणसं उभी होती आणि कुणीतरी म्हणालं, “डाक्टर, सलाईन लावा ना लवकर!” शीर टोचायला मी एका दवाखान्यात नुसतं बघून शिकलो होतो. पहिल्यांदा सुई आरपार गेली. दुसऱ्यांदा शीर सापडली असं वाटलं, सलाईन सोडलं, आणि कोपराजवळ हात टम्म फुगला. आमचे ड्रायव्हर मामा दारातून ओरडले, “बापू, टोचत काय बसला? निंग ना इथून!” तोवर आठ मिनिटं गेली होती. तेवढा वेळ घरघर चालूच होती. मला ती ऐकू येत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, “सक्शन केलं होतं का?” मी मान खाली घातली. पोरगा तिसऱ्या दिवशी गेला. डोक्याला मार फार होता, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, आणि ते खरंही असेल. मला कुणी बोल लावला नाही. पण ज्या मेंदूला आधीच मार बसलाय त्याला ऑक्सिजन कमी पडला की इजा वाढते, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. त्या आठ मिनिटांचं मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. त्या पोराच्या आईलाही नाही.

त्यानंतर मी पुढचं शिकलो. वरच्या पायरीवर शीर टोचणं आलं, मॉनिटर वाचणं आलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषधं देणं आलं, व्हेंटिलेटर आला. दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड गाडीवर बसलो. आता चूक व्हायची नाही, अशी माझी खात्री होती.

जुलैतली पहाट. जमिनीवर झोपलेल्या शेतमजुराला मण्यार चावली होती. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, सूज येत नाही. हा पोट दुखतं म्हणून उठला होता. मेहकरला सर्पविषावरचं प्रतिविष सुरू करून त्याला पुढे पाठवलं. गाडीत मी मॉनिटर लावला. ऑक्सिजन ९७. मी निर्धास्त झालो. वाटेत लव्हाळा गावाच्या आसपास त्याची बायको म्हणाली, “डाक्टर, यायचे डोये काउन मिटून राह्यले?”

“रात्रभर जागरण झालंय, झोप येत असेल,” मी म्हणालो.

ती गप्प बसली. डॉक्टर म्हटलेल्या माणसापुढे ती आणखी काय बोलणार?

नियमाप्रमाणे पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला आणि ९७ चा आकडा सांगितला. ते म्हणाले, “आकडा राहू दे. एका श्वासात किती मोजतो ते बघ.” त्याने मोजायला घेतलं. नऊवर थांबला. थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावलं, सहावर. मण्यारीच्या विषाने आधी पापण्या पडतात, मग गिळणं जातं, मग छातीचे स्नायू ढिले पडतात, आणि ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी घसरतो. बायकोने पापण्या पाहिल्या होत्या, मी पडदा पाहत होतो.

श्वास अगदी उथळ झाला तेव्हा डॉक्टरांनी फोनवरच अँबू घ्यायला लावली. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, जबडा वर ओढून मास्क घट्ट. पाच-सहा सेकंदांनी एक श्वास, छाती उचलेल एवढाच. जोरात किंवा भराभर दाबली तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. चिखलीत भूलतज्ज्ञाने नळी घालेपर्यंत मी हेच करत राहिलो. माणूस वाचला, आठवड्याने घरी गेला. त्याला तगवलं ते त्याच खालच्या पायरीवरच्या कामाने, जे डोणगाव रस्त्यावर मला कमी प्रतीचं वाटलं होतं.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने आमच्या व्यवसायाला राष्ट्रीय यादीत जागा दिली. कुणाला काय करता येईल याची रेषा त्यातून स्पष्ट होईल, अशी मला आशा आहे. तोवर एक विनंती. आपलं माणूस खासगी अँब्युलन्समध्ये ठेवाल तेव्हा मागे बसणाऱ्याला विचारा: तुम्ही डॉक्टर आहात की टेक्निशियन, कुठपर्यंत शिकला आहात, सक्शन चालू आहे का? यात उद्धटपणा काही नाही. त्या रात्री मला कुणी विचारलं असतं, तर मी खोटं बोललो नसतो.