सावित्रीकाठाहून कांसा बेटाकडे

पोलादपुराहून सावित्रीच्या खोऱ्यातून महाडकडे उतरताना समुद्र फार दूर असल्याचे वाटते, कारण महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली ही नदी येथे नुकतीच डोंगरातून सुटलेली असते. महाडजवळ मात्र पात्र रुंदावते आणि बाणकोटच्या मुखातून आत शिरणाऱ्या भरतीचा परिणाम पाण्यावर दिसू लागतो. याच भरतीच्या आधाराने पूर्वी लहान गलबते महाडच्या बंदराला लागत. शहरालगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहेत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात, म्हणजे बंदरे क्रमाने सांगणाऱ्या नाविकांच्या मार्गदर्शिकेत, आलेले पॅलेपाटमे म्हणजे हेच पाले, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि नदीवर नजर ठेवणारे लेण्यांचे स्थान पाहता ते पटण्याजोगे वाटते.

महाड तालुक्यातच रायगड आहे, आणि मुरूडसमोरच्या कांसा या लहान खडकाळ बेटाचा इतिहास या डोंगरी राजधानीपासूनच वाचावा लागतो. मुरूडजवळच्या जंजिरा या जलदुर्गाचा धनी असलेल्या सिद्दीचे आरमार किनाऱ्यावरील गावांना सतत उपद्रव देत असे; त्याला वेसण घालण्यासाठी शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या वायव्येस या बेटावर पद्मदुर्ग उभारला. राज्याभिषेकानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १६७५ मध्ये, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला पद्मदुर्गाची रसद वेळेवर न पोहोचवल्याबद्दल महाराजांनी अत्यंत कडक शब्दांत पत्र लिहिले. किल्ल्याच्या बांधणीइतकेच हे पत्र महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण शत्रूच्या तोफांसमोर, भर समुद्रात चाललेले ते काम धान्य आणि पैसा आतल्या मुलखातून अखंड येत राहिला तरच तगणार होते.

आज महाडहून निघालेला प्रवासी माणगाव, म्हसळा करून दिघीला येतो, राजपुरीची खाडी फेरीबोटीने ओलांडून आगरदांड्याला उतरतो आणि मुरूडहून होडीने बेट गाठतो. किल्ल्याचे दोन भाग आहेत: मुख्य दुर्ग आणि त्याच्या पुढ्यातील पडकोट, म्हणजे मूळ कोटाच्या रक्षणासाठी बांधलेला बाहेरचा कोट. पडकोट बराचसा ढासळला आहे, पण त्याचा कमळाच्या पाकळ्यांसारख्या चर्यांचा, म्हणजे तटाच्या माथ्यावरील दगडी कंगोऱ्यांचा, बुरूज शाबूत आहे. मुख्य दुर्गाचा तट मात्र बराचसा शाबूत असून त्याचे चिरे लाटांच्या माऱ्यात सापडले आहेत. तटाजवळ उभे राहिल्यावर लक्ष खिळते ते सांध्यांवर. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने दगड आत झिजत गेला आहे, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा पुढे आलेला आहे, आणि त्यामुळे भिंतीला मधाच्या पोळ्यासारखे रूप आले आहे. दगडाहून टिकाऊ ठरणारा चुना करणाऱ्या गवंड्यांची नावे इतिहासात उरलेली नाहीत, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

नाव उरले ते लाय पाटील या कोळी नायकाचे. जंजिऱ्याच्या तटाला रात्रीच्या वेळी शिड्या लावण्याचे साहस त्याने केले, परंतु पेशवे मोरोपंत पिंगळ्यांची फौज वेळेवर न आल्याने तो बेत फसला. महाराजांनी देऊ केलेली पालखी, दर्यावर फिरणाऱ्याला तिचा उपयोग नाही म्हणून, त्याने नम्रपणे नाकारली आणि तेव्हा त्याला ‘पालखी’ याच नावाचे गलबत देण्यात आले, अशी हकीकत सांगितली जाते.

जंजिरा मराठ्यांना जिंकता आला नाही. संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि पुढे तो सिद्दीकडे सोपवला गेला. पद्मदुर्गही सिद्दीकडेच गेला. ज्या शत्रूला रोखण्यासाठी रायगडावरून बेटाला रसद धाडली जात होती, तोच काही काळ राजधानी आणि बेट या दोहोंचा धनी झाला. रायगड १७३३ मध्ये मराठ्यांनी परत घेतला. कांसा बेटावर आता वस्ती नाही.