आवाज वाढवण्यापूर्वी

घरच्या घरी छोटा स्पीकर बनवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. आपल्या इंदूरच्या महाराणी रोडवर आय.सी., चार-सहा कपॅसिटर आणि ८ ओहमचा स्पीकर मिळतो. अर्ध्या दिवसात जोडणी होते. खरे काम त्यानंतर सुरू होते. बोलण्याबरोबर ‘घूंऽऽ’ असा आवाजही येतो, आणि तो घालवायला चार रविवार लागतात.

शाळेतील आठवीच्या मुलांनी बालवर्गाच्या कविता-पाठांतरासाठी असा स्पीकर बनवला, तेव्हा एक पालक म्हणून मी त्यांच्याबरोबर होतो. पहिल्या चाचणीत एका चिमुरडीचा आवाज घरघरीत बुडून गेला. मागून कोणी म्हणाले, “बाळा, जोरात बोल!” मुलांनी व्हॉल्यूम वाढवला, तशी घरघरही वाढली आणि ती गप्पच झाली. आपल्या मुलांचा दिवसाचा बराच वेळ हिंदीत जातो. त्यांच्या तोंडी मराठी ‘ळ’ टिकायचा तर तो आधी कानी पडायला हवा. खरखरीत ‘साल’ म्हटले की ‘शाल’, हेसुद्धा कळत नाही. म्हणून ठरवले, की आवाज वाढवायचा नाही, आधी गोंगाट कमी करायचा.

विद्यार्थी मित्रांनो, गोंगाट नीट ऐकला तर तो कुठून येतो हे कळते. जाड ‘घूं’ विजेचा असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, ब्रिज रेक्टिफायरनंतर त्याची १०० स्पंदने होतात. सतत ‘स्स्स’ येत असेल तर ॲम्प्लिफायर गरजेपेक्षा जास्त पट आवाज वाढवत असतो. ‘टर्र-टर्र’ झाले तर जवळपास २जीवर चालणारा मोबाइल असू शकतो. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओलहरींचे झटके सोडतो आणि माइकची लांब वायर ते अँटेनासारखी पकडते.

मग दोन सोप्या परीक्षा घ्याव्यात. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही ‘घूं’ राहिला, तर दोष बहुधा वीजपुरवठ्याकडे. गेला, तर माइकच्या बाजूला. दुसरी परीक्षा म्हणजे ॲडॉप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावणे. आमच्याकडे दोन्ही बाजूंना दोष निघाले.

मुलांनी एका वेळी एकच बदल केला आणि वहीत नोंद ठेवली. पुरवठ्यावर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर आय.सी.च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा. माइकला शिल्ड वायर घेतली व तिची जाळी ग्राउंडला जोडली. व्हॉल्यूमच्या पॉटचे धातूचे अंगही ग्राउंडला जोडले. आमची आय.सी. एलएम ३८६ होती. तिच्या १ व ८ क्रमांकाच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असला की आवाज २०० पट होतो, काढला की २० पट. माइकसाठी आधीच एका ट्रान्झिस्टरचा टप्पा होता, म्हणून तो काढला. ‘स्स्स’ एकदम कमी झाला.

सर्वांत मोठा फरक ग्राउंडने पडला. स्पीकरचा मोठा प्रवाह आणि माइकचा नाजूक प्रवाह एकाच वायरीतून परतत होते, त्यामुळे मोठ्याची ढवळाढवळ लहानात मिसळत होती. प्रत्येकाची वायर वेगळी काढून सगळ्या मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाशी एकत्र आणल्या.

एक इशारा. ‘घूं’ घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. असे कधीही करू नका. बिघाड झाल्यास धातूच्या डब्यात २३० व्होल्ट उतरू शकतात. जोडलेली उपकरणे एकाच बोर्डावर लावा. विजेच्या बाजूचे काम मोठ्यांनीच करावे.

त्या चिमुरडीची कविता आता तिच्या नेहमीच्या आवाजात शेवटच्या बाकापर्यंत पोचते. स्पीकर जेमतेम अर्ध्या वॅटचा आहे, पण एका वर्गाला पुरतो. विश्वस्त मंडळाला विनंती, की वर्गांतील बोर्डांचे अर्थिंग जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावे. आणि आम्हा पालकांसाठी एवढेच, की मुलाला “जोरात बोल” म्हणण्यापूर्वी आपल्या मागच्या गप्पा थांबवाव्यात.