वात आणि वेढे

मिरजेत अब्बांचं विजेची उपकरणं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी आणि वर पत्रा. इस्त्र्या, पंखे यायचे. पण सगळ्यांत जास्त शेगड्या. मातीच्या ताटलीतल्या नागमोडी खाचेत निक्रोमची नवी स्प्रिंग बसवायची, हे काम सुट्टीत माझ्याकडे असे. स्प्रिंग ओढताना ती सगळीकडे सारखी ताणली गेली पाहिजे. एखाद्या जागी वेढे दाट राहिले, की नेमकी तिथेच ती जास्त लाल होते आणि तिथेच तुटते. टोकं स्क्रूखाली घट्ट बसवायची. "स्क्रू ढीला छोड्या तो शेगडी जली समझ," अब्बा म्हणायचे. म्हणताना ओठांत विडी असायची.

त्याच विडीनं शेवटची चार वर्षं त्यांना ऑक्सिजनच्या मशीनला बांधून ठेवलं. नळी नाकात, हात थरथरणारे. तरी शेजारच्या मुलाला खुणेनं विडी मागायचे.

एवढं पाहूनही मी बर्मिंगहॅमला नोकरीसाठी आलो तेव्हा दिवसाला पंधरा सिगारेटी ओढत होतो. खोकला सुरू झाला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी व्हेपचा पर्याय सुचवला. मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ब्रिटनमध्ये सिगारेट सोडवण्यासाठी सरकारी आरोग्यसेवाच तो सुचवते. 2015 साली इथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं व्हेप सिगारेटपेक्षा साधारण 95 टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला होता. त्या आकड्यावर डॉक्टरांमध्ये वाद आहेत आणि निरुपद्रवी असं कुणीच म्हणत नाही. सिगारेट न ओढणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊच नये. मी मात्र ओढत होतो.

सुरुवातीला तयार कॉइलचं उपकरण घेतलं. आठ-दहा दिवसांत कॉइल जळायची, फेकायची, नवी आणायची. मग सहकाऱ्यानं स्वतः कॉइल बांधायची टाकी दाखवली. झाकण काढलं तर आत दोन बारीक खांब, दोन स्क्रू आणि त्यांच्यात ताणून बसवलेली तार. मी हसलो. ती अब्बांची शेगडीच होती, नखाएवढी.

माझी नेहमीची बांधणी सांगतो. 26 गेजची, म्हणजे सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीची कँथल तार. 3 मिलिमीटरच्या स्क्रूड्रायव्हरवर सहा वेढे. रोध 0.85 ओहमच्या आसपास येतो. 3.7 व्होल्टला साधारण 16 वॅट, शाळेतल्या ओहमच्या नियमानं. इंग्लंडच्या कायद्यानुसार टाकीत 2 मिलिलिटरच द्रव मावतो आणि निकोटिन मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. मी हळूहळू 3 वर आलो होतो.

कॉइल बसवली की कापूस घालण्याआधी कमी वॅटवर क्षणभर बटण दाबून सोडायचं. लाली मधल्या वेढ्यातून सुरू होऊन दोन्ही कडांना पसरली तर काम नीट झालं. कडेचा एखादा वेढाच आधी पेटला, तर तिथे वेढे एकमेकांना सारखे टेकलेले नाहीत. चिनीमातीच्या चिमट्यानं हलकेच दाबायचं, पुन्हा बटण. लोखंडी चिमटा लावून बटण दाबू नका, शॉर्ट होईल. तारेचा पाय वेढ्यांआधी लाल झाला तर मी आधी स्क्रू तपासतो. पडद्यावर रोध कधी 0.85, कधी 0.6, कधी 1.1 असा नाचत असेल तरीही स्क्रूच. एकदा तापवून थंड झाल्यावर तो पुन्हा आवळायचा असतो. आणि झाकण लावल्यावरच शॉर्ट दाखवत असेल, तर कापलेल्या तारेचं टोक झाकणाला शिवतंय. हे शोधायला मला एक अख्खी रविवार दुपार लागली. बायको म्हणाली, "एवढ्यात घरातले सगळे नळ दुरुस्त झाले असते."

पण खरी डोकेदुखी तारेची नाही, वातीची. आपल्याकडे दिव्याला असते तशीच कापसाची वात कॉइलमधून ओवायची आणि दोन्ही टोकं द्रवाच्या खाचांवर टेकवायची. ओढताना वात थोडी अडली पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. कापूस जास्त झाला तर द्रव वर चढत नाही आणि घशात जळका झुरका येतो. ज्याला तो एकदा आला, तो विसरत नाही. कापूस कमी पडला तर टाकी गळते, गुरगुरते, शर्टाचा खिसा चिकट होतो. मग माणूस कापूस वाढवतो, जळका झुरका येतो, म्हणून कापतो, पुन्हा गळती. या फेऱ्यात मी महिनाभर होतो. दर वेळी शंका तारेवर. जाडी बदल, वेढे वाढव, वॅट कमी कर. शेवटी कळलं, वातीची टोकं कात्रीनं विंचरून विरळ करायची होती. मध्ये भरगच्च, टोकाला हलकी. बाकी सगळं आधीपासून ठीकच होतं.

2018 चा रमजान मे-जूनमध्ये आला. इथे रोजा अठरा तासांच्या आसपासचा. रोज्यात धूर चालत नाही, वाफही नाही. अठरा तास निघायचे, तक्रारीविना. इफ्तारला खजूर, पाणी, मगरिबची नमाज, आणि मग मी मागच्या दारी. एका संध्याकाळी टाकी दिवसभर आडवी पडून रिकामी झाली होती, हे घाईत पाहिलंच नाही. जळक्या कापसानं डोळ्यांत पाणी आलं. घसा धरून पायरीवर बसलो, तेवढ्यात अम्मीचा फोन. रमजानमध्ये ती दर वर्षी एकदा विचारायची.

"सिगरेट छोड्या ना रे?"

"छोड्या, अम्मी."

खोटं नव्हतं. पण तिनं जे विचारलं होतं, त्याचं ते उत्तरही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अम्मी पडली. मांडीचं हाड मोडलं. तातडीनं निघालो. भारतात 2019 पासून ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण सगळ्यावर बंदी आहे. टाकी, बॅटऱ्या, तारेची रिळं इथल्याच कपाटात ठेवली. सहा आठवडे मिरजेत होतो.

पहिले चार दिवस वाईट गेले. दवाखान्यात डबा घेऊन जाताना हात उगाच खिशात जायचा. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर एक सिगारेट घेतली. काडी पेटवून देणारा पोरगा म्हणाला, "तुम्ही शेगडीवाल्या चाचांचे ना?" मी मान हलवली. अर्धी ओढली, उरलेली गटारात टाकली, बडीशेप चावत वर गेलो.

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "खिडकी खोल."

त्यानंतर पानपट्टीकडे गेलो नाही. तिला वॉकर धरून चालवायला शिकवलं, दुकानातलं जुनं सामान आवरलं. अब्बांच्या डब्यात निक्रोमच्या स्प्रिंगा होत्या, एकात एक गुंतलेल्या. दोन घेऊन आलो.

परत आल्यावर कपाट उघडलं. टाकीतला द्रव गडद झाला होता, वात तपकिरी आणि कडक. ती चिमट्यानं ओढून काढली. स्क्रू घट्ट होते. बॅटरी लावून क्षणभर बटण दाबलं. मधला वेढा लाल झाला, मग दोन्ही बाजू. बांधणी अजून चांगली आहे.

कापसाचं पाकीट खणात आहे. वात अजून घातलेली नाही.