बॉयलरचे माप रेडिएटरांपाशी

न्यूयॉर्क, बोस्टन आणि त्यांच्या आसपासच्या जुन्या घरांमध्ये तळघरातल्या बॉयलरची वाफ कोणत्याही पंपाविना नळ्यांतून वर चढते, बिडाच्या रेडिएटरांत पोहोचून तिचे पुन्हा पाणी होते, आणि तसे होताना तिने सोडलेली अप्रकट उष्णता खोली उबदार करते. असा बॉयलर निकामी झाला की नवा केवढा घ्यावा हे बहुधा जुन्यावरची पाटी वाचून ठरवले जाते, आणि चूक तिथेच होते. जुन्याचे माप बरोबर होते याला कसलाच आधार नसतो: मूळचा कोळशाचा बॉयलर रात्रभर विस्तव टिकावा म्हणून मोठा घेतलेला असू शकतो, पुढच्या तेलाच्या किंवा गॅसच्या बॉयलरने तेच माप पुढे चालवलेले असू शकते, आणि मधल्या काळात दोन-तीन रेडिएटर काढूनही टाकलेले असू शकतात.

भिंती, खिडक्या आणि छपरातून किती उष्णता बाहेर जाते, हा हिशेबही इथे कामाला येत नाही. गरम पाण्याच्या यंत्रणेत तो चालतो, कारण पाणी कमी तापलेले असले तरी सगळीकडे फिरतेच. वाफ मात्र थंड बीड भेटेल तिथे पाणी होऊन संपते, त्यामुळे बॉयलर लहान पडला तर जवळचे रेडिएटर सगळी वाफ खाऊन टाकतात आणि टोकाच्या खोलीतला गारच राहतो. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह होता आणि त्या बेताने रेडिएटर मोठे बसवले जात. आता खिडक्या बंद असतात, घराची गरज घटलेली असते, तरी भरायचे रेडिएटर तेवढेच उरतात.

म्हणून माप घ्यायचे ते रेडिएटरांचे, टेप हातात घेऊन, प्रत्येक खोलीत जाऊन. जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची मोजावी, कडेने पाहून एका खंडात, म्हणजे रेडिएटरच्या एका जोडतुकड्यात, किती उभे कॉलम आहेत ते पाहावे, मग खंड मोजावेत. तीन कॉलमांच्या, 38 इंच उंचीच्या रेडिएटरचा प्रत्येक खंड 5 चौरस फुटांचा धरतात, म्हणजे आठ खंडांचा रेडिएटर 40 चौरस फुटांचा झाला. हा चौरस फूट उष्णता देण्याच्या क्षमतेचा आहे: वाफ सुमारे 215 अंश फॅरनहाइट आणि खोली 70 अंश असताना एक चौरस फूट ताशी 240 बीटीयू देतो, आणि एक बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवणारी उष्णता. सगळ्या खोल्यांची बेरीज 320 चौरस फूट आली, तर रेडिएटरांची मागणी ताशी 76,800 बीटीयू ठरते.

नळ्या तापवण्यासाठी आणि थंड यंत्रणा सुरू होण्यासाठी यावर साधारण एक तृतीयांश भर धरतात. परंतु अमेरिकी बॉयलरच्या पाटीवर वाफेसाठी जो चौरस फुटांचा आकडा छापलेला असतो त्यात ही भर आधीच हिशेबात घेतलेली असते, आणि ती पुन्हा मिळवणे, वर आणखी थोडे हातचे राखणे, ही या कामातली सर्वांत महाग पडणारी सावधगिरी आहे. मोठा बॉयलर रेडिएटरांना पचवता येईल त्याहून जास्त वाफ करतो, दाब वाढतो, दाबनियंत्रक बर्नर बंद करतो, थोड्या वेळाने तो पुन्हा पेटतो, आणि ही चालू-बंद रात्रभर इंधन खात राहते. शिवाय बाहेर पडण्याच्या तोंडाशी वाफेचा वेग वाढला की ती पाण्याचे थेंब सोबत ओढून नेते आणि नळ्यांत हातोडा मारल्यासारखे आवाज उठतात.

एक तृतीयांश हा आकडाही उघड्या नळ्या असलेल्या तळघराला जितका लागू पडतो तितका नीट वेष्टन केलेल्या तळघराला पडत नाही. अनेक घरांत जुने ॲस्बेस्टॉसचे वेष्टन काढून टाकल्यावर नळ्या तशाच उघड्या राहिल्या आहेत. बेरीज दोन मापांच्या मधोमध पडत असेल, तर आधी या नळ्यांवर फायबरग्लासचे वेष्टन चढवावे आणि मग दोहोंतला लहान बॉयलर निवडावा.