दोघांच्या नावाचे घर

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. दुसऱ्याचे जुने घर विकत घेऊन ते राहते करण्याविषयी मात्र त्यांनी एखादी म्हण मागे ठेवली नाही. ती असती, तर तीत लग्न आणि घर हे दोन्ही अनुभव एकत्रच सांगावे लागले असते. नवे घर बांधताना पतिपत्नींचे मतभेद खोल्यांच्या आकारावरून होतात. जुने घर घेताना ते दप्तरातल्या कागदावरून सुरू होतात आणि आढ्यापर्यंत जाऊन पोहोचतात.

आम्ही उभयतांनी नोकरीची तीस वर्षे पिंपरीत दोन खोल्यांत काढली. हे कारखान्यात, मी प्राथमिक शाळेत. निवृत्तीनंतर गावाकडे राहावे, पण लोकलने मुलांकडे जाता-येता यावे, म्हणून मावळात शोध सुरू केला. पुण्याहून येताना वडगाव सुटले की कान्हे येते. पुढचे स्थानक कामशेत. आंदर मावळात शिरणारा टाकव्याचा रस्ता येथूनच फुटतो. २०२२च्या मार्चमध्ये कान्ह्याच्या गावठाणातले एक बंद घर आम्ही पाहिले. पाच खणांचे घर. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. दगडमातीच्या दोन फुटी भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर मंगळुरी कौले. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने मावळात कित्येकांची छपरे उडवली. या घराच्याही पश्चिमेकडची कौले तेव्हा गेली होती, आणि ती पुन्हा कोणी चढवली नव्हती. दोन पावसाळे घरात सरळ पडले होते.

गावठाणातल्या घराला शेतजमिनीसारखा सातबारा नसतो. आमच्या हाती आला तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८चा उतारा. त्यावर कैलासवासी वडिलांचे नाव होते आणि सौदा करीत होते त्यांचे दोन मुलगे. हा उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नव्हे, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत समजावले आणि विचारले, “मुली किती?” मध्यस्थ म्हणाला, “एक बहीण आहे, पण तिने हक्क केव्हाच सोडलाय.” कागद मागितला तेव्हा कळले, की सोडला तो तोंडी. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा, तर नोंदणीकृत दस्तऐवज लागतो. चुलीपुढच्या बोलण्याने तो सुटत नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मागे वाटा दिला, २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने बसवले. आपल्या ख्रिस्ती समाजाला लागू असलेला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा तर मुलगा आणि मुलगी असा भेदच करीत नाही. तरीही आपल्याकडे किती भगिनींच्या सह्या माहेरच्या प्रेमापोटी न वाचताच होतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

त्या बहिणीला भेटायला आम्ही पवन मावळात तिच्या घरी गेलो. साठी उलटलेली बाई. सगळे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, “मपलं नाव बी हाय व्हय त्यात?” हक्कसोड करण्यास तिने नकार दिला, आपल्या वाट्याचे पैसे घेऊन भावांच्या बरोबरीने विक्रीवर सही करीन म्हणाली. भाऊ रागावले. त्यांची समजूत पटायला दिवाळी उजाडली. मध्यंतरी तिसरा पावसाळा त्या उघड्या छपरावर पडून गेला आणि ऑगस्टमध्ये पडवीची भिंत बसली. ती बातमी आली त्या रात्री आमच्या घरात मोठा वाद झाला. ह्यांचे म्हणणे, “एका सहीसाठी आपण भिंत घालवली.” मी म्हटले, “भिंत पुन्हा बांधता येईल. तिला डावलून घेतलेल्या घरात मला झोप लागणार नाही.” दोघांचेही बोलणे खरे होते, म्हणूनच तो वाद लवकर मिटेना.

खरेदीखताच्या वेळी नवाच प्रश्न निघाला. घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून तसा नियम आहे. पुरुषाचे नाव जोडले, की सवलत गेली. मध्यस्थ म्हणाला, “बाईंच्याच नावावर करा, वाचलेल्या पैशांत निम्मी कौले येतील.” ह्यांनीही तत्काळ मान डोलावली. उलट आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांचा सल्ला असा, की बाईमाणसाला कचेऱ्यांच्या खेपा कशाला, एकट्या पुरुषाचेच नाव लावावे. माझा भविष्यनिर्वाह निधी आणि ह्यांची ग्रॅच्युइटी, दोन्ही त्या घरात जाणार होते. ज्या घरातून कोणाचे नाव गळू नये म्हणून आम्ही इतके महिने थांबलो, तेथे आपल्याच जोडीदाराचे नाव गाळून प्रवेश करणे मला रुचेना. ग्रामीण भागातील घर पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदवावे, हे धोरण शासनाने २००३मध्ये ‘घर दोघांचे’ या नावाने स्वीकारले आहे. आम्ही तो एक टक्का भरला. निबंधक कार्यालयात ती बहीण पहिली येऊन बसली होती. अंगठा न उठवता तिने सावकाश, अक्षर अक्षर जुळवीत सही केली.

दुरुस्ती २०२३च्या जानेवारीत सुरू झाली. ह्यांना भिंती पाडून सिमेंटचे खांब आणि स्लॅब हवा होता. त्यामागे हौस नव्हती, भीती होती. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर हे कारखान्यातील सहकाऱ्यांबरोबर किल्लारीला गेले होते. दगडमातीच्या भिंतींखालून माणसे काढताना त्यांनी पाहिली होती. अशा माणसाला ‘जुने ते सोने’ ऐकवणे मला योग्य वाटले नाही. आम्ही एका अभियंत्याला घर दाखवले. त्याने सांगितले, की तिकडच्या घरांवर मातीचे जड माळवद होते आणि भिंतींची आतली व बाहेरची तोंडे एकमेकांना बांधलेली नव्हती. धक्का बसताच ती सुटी झाली. येथे कौलांचे छप्पर त्या मानाने हलके आहे. दोन्ही तोंडे सांधणारे लांब दगड ठिकठिकाणी घालावेत, कोपरे बांधून घ्यावेत आणि चौकटींच्या वरून घरभर एक सलग पट्टा फिरवावा. पडवीची भिंत आम्ही त्याच पद्धतीने उभी केली. स्लॅबचा हट्ट ह्यांनी सोडला. पट्ट्याचा जादा खर्च मी मुकाट्याने मान्य केला.

गवंड्याने सिमेंटचा गिलावा करू दिला नाही. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंड बांधले, तर ओल आत कोंडते आणि काही वर्षांत गिलावा माती घेऊनच सुटतो. त्याने भाताचा पेंढा कापून गाऱ्यात कुजत घातला, आठवडाभर तुडवला आणि वरून चुना दिला. वाशांची टोके कुजली होती, पण सुताराने सगळे वासे उतरवले नाहीत. कुजका भाग कापून, खाच पाडून, नव्या सागाचा तुकडा सांधला. लाकूड वयाने मरत नाही, पाण्याने मरते, असे तो म्हणे. येथून दोन स्थानकांवर मळवली आहे. तेथून कार्ल्याच्या लेण्यांत जाऊन चैत्यगृहाच्या छताकडे पाहावे. तेथील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे कोरड्या राहिल्या म्हणून टिकल्या आहेत. माजघरातील अंधार घालवण्यासाठी भिंत फोडावी, असे मला वाटत होते. ह्यांनी छपरात चार काचेची कौले बसवली आणि तेवढ्यात काम झाले.

जुने घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. आधी वारस मोजा, मग खोल्या. कागद आणि छप्पर या दोन गोष्टींसाठी पैसा राखून ठेवा. रंग आणि फरशी थांबू शकतात. आणि जोडीदार एखाद्या गोष्टीला अडून बसला, तर तो तेथे का अडला आहे, हे एकदा नीट विचारा.

आता नमुना ८वर आम्हा दोघांची नावे लागली आहेत. ती बहीण माहेरी येते तेव्हा ओटीवर बसून चहा घेते. घर अद्याप पुरते सुधारले आहे, असे नाही. गेल्या पावसाळ्यात माजघराच्या कोपऱ्यात एक ठिबक राहिलीच. तिच्याखाली पातेले ठेवले होते. वैशाखात शाकारणीला माणूस येईल, तेव्हा फुटके कौल नेमके कोणते, याविषयी आमचे अजून एकमत नाही.